फादर सांतापाव : कारवीचा अभ्यासक धर्मगुरू
(फ्रिस्को येथील शताब्दी सभेतील भाषण)



पूर्वजांना वंदन करताना आज आम्ही एका परक्या माणसाचीही आठवण काढत आहोत. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे येशूसंघी धर्मगुरू. त्यांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. तिथला वनस्पतिसंग्रह फादर ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंच्याच नावाने ओळखला जातो. सांतापाव खंडाळ्याचे डोंगर हिंडले आणि १९५३ साली तिथल्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ निघाला. १९६१ ते १९६७ ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

त्यांनी कारवीवरही लिहिले. ही कारवी आपल्या ओळखीची. कोकणात तिच्या काठ्या बांधून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करत. साधारण सात वर्षांनी ती एकदाच फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, बी पडते आणि झुडूप मरते. करारावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या कितीतरी माणसांना तो बहर पुन्हा दिसला नाही.

वनस्पतिसंग्रहात वाळवलेल्या प्रत्येक रोपाच्या कागदावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक असतो. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या आहेत. त्यांतही नाव, बापाचे नाव, गाव आणि क्रमांक आहे. पण गावाचे नाव कारकुनाने कानाला आले तसे लिहिले. म्हणून रत्नागिरीकडचे मूळ गाव शोधताना आपली घरे अडतात. सांतापाव डोंगरावर स्वतः उभे राहून झाडाची नोंद करत. आपल्या माणसांना असा नोंद करणारा मिळाला नाही.

ते काम आता आपल्याकडे आहे. कारवी न पाहिलेली मुले इथे टेक्सासच्या सपाटीवर वाढत आहेत. घरातल्या आजीला गावाचे नाव विचारा. भाजीचे, झाडाचे, सणाचे जुने शब्द विचारा. ती म्हणेल तसेच देवनागरीत लिहा, दुरुस्त करू नका. खाली सांगणारीचे नाव, ठिकाण आणि तारीख घाला. एका घराची दोन पाने झाली तरी पुष्कळ. आजी आहे तोवरच हे होईल, म्हणून या आठवड्यातच बसा.