फाटी सुकवून विकताना हिशेब कसा करायचा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



दिवाळी सरली, भात घरात आलं. आता बागेत छाटणी होईल, पावसात पडलेली झाडं बाजूला होतील. काजूच्या फांद्या, आंब्याची डहाळी, किनाऱ्याकडे सुरूचं लाकूड, कुणाच्या भरडात लावलेलं आकेशिया, असं सगळं दारात येऊन पडेल. बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. ही फाटी ओलीच विकावी, की सुकवून विकावी? सुकवली तर चार पैसे जास्त मिळतील काय? आज त्याचाच हिशेब करूया. शक्य असेल तर कागद-पेन्सिल जवळ घ्या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. उन्हावाऱ्यात चांगलं वाळलं की शंभर किलोत वीसेक किलो पाणी उरतं. म्हणजे आज शंभर किलो ओलं लाकूड रचलं, तर वाळल्यावर काट्यावर साधारण ६९ किलोच भरतं. बाकीचे ३१ किलो वाऱ्यावर गेले. चोरी झाली नाही, पण वजनावर विकणाऱ्या बाईच्या हातून तेवढं वजन गेलंच.

आता एक हजार किलोचा हिशेब घालू. आकडे मी समजुतीसाठी धरते. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. समजा ओल्या लाकडाला किलोला ४ रुपये मिळतात. म्हणजे आज विकलं तर ४,००० रुपये. घरच्या बागेतलं असलं तरी ते फुकट धरू नका, कारण ते आजच विकता आलं असतं. फोडायला आणि रचायला तीन दिवसांची मजुरी, ४०० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. हे काम आपणच केलं तरी मजुरी लिहायचीच. झाकायला ताडपत्री, तिचा एका हंगामाचा वाटा ३०० रुपये. गटाचं कर्ज महिना एक टक्क्याने घेतलं असेल, तर ४,००० रुपयांवर सहा महिन्यांचं व्याज २४० रुपये. एकूण झाले ५,७४० रुपये.

हजार किलोचे वाळून ६९० किलो झाले. वाळवी, भुसा, मोडतोड यात २० किलो गेले. विकायला राहिले ६७० किलो. ५,७४० ला ६७० ने भागा. किलोला साडेआठ रुपयांच्या थोडं वर खर्च आला.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. वाळलेल्या एका किलोची आच ओल्या किलोच्या सुमारे दीडपट लागते. कारण ओल्या लाकडाची बरीच आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. मग ४ रुपयांचं ओलं घेणारा माणूस मे महिन्यात वाळलेल्याला फार तर ६ रुपये देईल. त्याचं गणित बरोबर आहे. पण आपल्याला ६७० किलोचे ४,०२० रुपये मिळतील. म्हणजे आपली मजुरी गेली आणि वर पाचशे रुपये पदरचे गेले. उन्हाळ्यात सगळ्यांकडेच सुकी फाटी असतात, तेव्हा सुकवून लगेच विकण्यात काही हाती लागत नाही.

मग सुकवायचीच नाहीत काय? सुकवायची, पण पावसाळ्यासाठी. मिरग लागला की उघड्यावरचं लाकूड भिजतं. न्हाणीतली चूल पेटत नाही, घर धुराने भरतं, बायकांचे डोळे चुरचुरतात. पुढे चतुर्थीला चाकरमानी येतात, घराघरात मोठी भांडी चुलीवर चढतात. त्या वेळी कोरड्या फाट्यांना भाव असतो. समजा तेव्हा किलोला १० रुपये मिळाले, तर ६,७०० रुपये येतात. मजुरी धरूनही ९६० रुपये उरतात. तेव्हा गटाने आधी गिऱ्हाईक ठरवावं, मग कुऱ्हाड हातात घ्यावी. गावातली बेकरी, खानावळ, लग्नाचे आचारी यांना आत्ताच विचारून ठेवा, पावसात किती लागेल आणि केवढी लांब फाटी लागतील.

अजून एक. आपण विकतो कशावर? वजनावर, की भाऱ्यावर, टेम्पोवर? भारा वाळला म्हणून फारसा लहान होत नाही, फक्त हलका होतो. त्यामुळे भाऱ्यावर किंवा टेम्पोवर विकणाऱ्या गटाला वजन घटल्याचा तोटा होत नाही. उलट उचलायला सोपं जातं आणि वाहतूकही हलकी होते. वजनावर विकत असाल, तर घट भावात धरल्याशिवाय सौदा करू नका.

आता सुकवायची रीत. लाकडातलं पाणी कडेच्या सालीतून फारसं जात नाही, कापलेल्या तोंडातून लवकर जातं. म्हणून अख्खा ओंडका खळ्यात वर्षभर पडला तरी आतून ओला राहतो. हातभर लांबीचे तुकडे करा आणि मनगटाहून जाड असेल ते फोडा. बहुतेक लाकूड ओलं असतानाच सोपं फुटतं, वाळल्यावर कुऱ्हाड उसळते.

रचताना खाली दोन ओळी जांभ्या चिऱ्याच्या ठेवा. जमिनीला टेकलेली फाटी ओल ओढतात आणि वाळवी लागते. रास एका फाट्याच्या रुंदीची करा, मध्ये वारा खेळला पाहिजे. आपल्याकडे दुपारी समुद्राकडून वारा येतो. फाट्यांची तोंडं त्या दिशेला ठेवा. वरून झाप किंवा ताडपत्री घाला, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गुंडाळलं की आतली वाफ आतच राहते आणि बुरशी धरते. झाप घरच्या माडाचे असतात, पैसे लागत नाहीत, पण एका पावसातच कुजतात. पत्र्याची शेड महाग पडते. ती एकटीने घालू नये. पाच-सहा जणींची फाटी एकत्र ठेवायची असतील आणि दरवर्षी विकायची असतील, तरच तिचा खर्च वाटला जातो. कुणाचा मांगर रिकामा असेल तर आधी तो बघा. भट्टी लावून सुकवायचा विचार करू नका. त्यात फाटी सुकवायला फाटीच जाळावी लागतात. ऊन-वारा फुकट आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात फोडून रचलेलं लाकूड मे महिन्यापर्यंत होतं. मे संपायच्या आत छपराखाली घ्या, कारण पावसाळ्यातली दमट हवासुद्धा लाकूड पुन्हा पिते. उशिरा आलेल्या लाकडाचं मात्र वेगळं आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, माड, आंबे, काजू आडवे झाले आणि मिरग तीन आठवड्यांवर होता. एवढ्या दिवसांत जाड लाकूड वाळत नाही. असं झालं तर बारीक फांद्या घरच्या चुलीला ठेवा, जाड लाकूड ओलंच विका, किंवा छपराखाली रचून दिवाळीनंतरचं धरा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? दोन फाटी एकमेकांवर आपटा. वाळलेली टणटण वाजतात, ओली थपथप. तोंडाला चिरा पडतात, साल सुटते. पण विकायचं असेल तर काटाच खरा. राशीच्या मधलं एक फाटं निवडा, त्यावर खूण करा, दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. दोन-तीन आठवडे वजन उतरलं नाही, म्हणजे हवेने जेवढं वाळवायचं तेवढं वाळवलं.

दोन सूचना. राशीत फुरसं आणि विंचू बसतात. रास घराच्या भिंतीला लावू नका, फाटी काढण्याआधी काठीने आपटा, काळोखात हात घालू नका. आणि लाकूड कुठलं ते बघा. काही जातींची झाडं आपल्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तेव्हा आधी वनखात्याकडे विचारा. खाडीतल्या कांदळवनाला तर कुऱ्हाड लावायचीच नाही. कायद्याने बंदी आहे, आणि मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. उभ्या झाडांवर त्यांची कमाई चालते.

तर येत्या बैठकीत वहीचं एक पान फाट्यांसाठी काढा. आजचा ओला भाव, मजुरी, झाकणाचा खर्च, व्याज आणि घट, अशा पाच ओळी लिहा. खाली भागाकार करा. जो आकडा येईल त्याच्या खाली फाटी विकायची नाहीत, असं गटाने मिळून ठरवा. एकटी बाई दारात आलेल्या व्यापाऱ्यापुढे भाव तोडते. दहा जणींचा एकच भाव असला की त्यालाही विचार करावा लागतो.