पाळीव पालींचे आरोग्य आणि आपले कर्तव्य

अकोला-अमरावतीसह अवघ्या वऱ्हाडातून येथे जमलेल्या पशुवैद्यक बंधुभगिनींनो,

या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. ज्या अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेले, डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ उभे आहे आणि पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाची स्वतंत्र संस्था आहे, आणि ज्या वऱ्हाडाच्या मातीत जन्मलेल्या गाडगे महाराजांनी भुकेल्यास अन्न देण्याच्या बरोबरीने मुक्या प्राण्यांस अभय देण्याचा उपदेश गावोगाव केला, तेथे कोणताही जीव क्षुद्र मानून त्यास दवाखान्याच्या दारातून परत पाठवणे आपल्याला शोभणारे नाही. म्हणूनच आज मी बैल, म्हैस वा शेळी यांविषयी न बोलता, तरुण मंडळी हौसेने पाळू लागलेल्या लेपर्ड गेको या ठिपकेदार पालीच्या आजारांविषयी बोलण्याचे योजिले आहे.

आपल्या व्यवसायाची पुण्याई मोठ्या जनावरांच्या सेवेतून आलेली आहे. बुळकांडीसारखा कर्दनकाळ रोग २०११ साली साऱ्या जगातून निर्मूल झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा लसीकरण, विलगीकरण आणि गोठ्यांची पाहणी यांच्या बळावरच तिला तोंड द्यावे लागले. औषधाच्या कुपीइतकेच लक्ष जनावराच्या निवाऱ्याकडे, वैरणीकडे आणि पाण्याकडे द्यावयाचे, ही त्या सेवेची शिस्त होय. आणि माझे आजचे सारे प्रतिपादन इतकेच आहे की, पाळीव पालीचा रोग तिच्या देहात शोधण्यापूर्वी तो तिच्या राहण्याच्या पेटीत शोधावा.

याचे कारण तिच्या शरीरधर्मातच आहे. पाल स्वतःच्या देहात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही; ती बाहेरून घेते, आणि हा निशाचर प्राणी ती मुख्यतः पोटाखालच्या तापलेल्या भूमीतून घेतो. पेटीचे एक टोक सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ अंशांच्या आसपास असले, म्हणजे ती गरजेप्रमाणे जागा बदलून आपले पचन आणि रोगप्रतिकार सांभाळते. ही सोय नसेल तर गिळलेला किडा पोटातच कुजतो, भूक मंदावते, आणि मालक आपल्याकडे भूक वाढवणारे औषध मागावयास येतो. अशा वेळी औषधाआधी तापमापक हाती घ्यावा.

परदेशी पुस्तकांतील सल्ला वऱ्हाडात जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. ती पुस्तके पेटी उबदार कशी ठेवावी हे सांगतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा पेटी थंड कशी राखावी हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. भारनियमनात कूलर बंद पडला आणि काचेची पेटी पश्चिमेच्या भिंतीलगत असली, तर काही तासांतच अनर्थ ओढवतो. त्याच दिवसांतल्या कोरड्या हवेमुळे कात नीट सुटत नाही. पावसाळ्यात दमट पेटीत त्वचेचे विकार बळावतात. आणि पौषातल्या थंड रात्री उष्णतेची तजवीज नसेल तर पाल सुस्तावते. म्हणून रुग्णाची कैफियत लिहून घेताना महिना आणि पेटीची जागा यांचा तपशील प्रथम टिपावा.

दोन आजार मी जरा जवळून दाखवू इच्छितो. पहिला अस्थिक्षयाचा. रातकिडे आणि अळ्या यांच्या देहात स्फुरद फार आणि कॅल्शियम अत्यल्प असते. त्यामुळे कॅल्शियमची भुकटी न लावता व जीवनसत्त्व ड-३ न देता नुसते किडे चारीत गेल्यास शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. अशी पाल हाती घेऊन खालच्या जबड्यावर अंगठ्याचा अगदी हलका दाब दिला, तर जे हाड ताठ असावयास हवे ते लवते. पुढचे पाय वाकलेले दिसतात, आणि चालताना तिला पोट जमिनीवरून उचलता येत नाही. लवकर ओळखल्यास कॅल्शियम, ड-३ आणि योग्य ऊब यांनी रोग थांबतो. परंतु वाकलेले हाड बहुधा वाकलेलेच राहते. दुसरा आजार अडकलेल्या कातीचा. ही पाल आपली कात स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळे सारे यथास्थित झाले असा मालकाचा समज होतो. पण भिंगातून पाहिले तर बोटाच्या टोकाशी पांढुरके कडे दिसते. एकावर एक कडी साचून रक्तप्रवाह अडतो, बोट काळे पडते आणि गळून जाते. कोमट पाण्याच्या उथळ भांड्यात काही मिनिटे पाय भिजवून ओल्या कापसाच्या काडीने ते कडे हळूहळू सोडवावे, कोरडे कधीही ओढू नये. आणि पेटीत ओलसर काथ्याची एक डबी कायमची ठेवावयास सांगावे.

अन्य रोगांचा निर्देश संक्षेपाने करतो. अंथरलेली वाळू गिळली गेल्यास आतड्यास अडथळा होऊ शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम या परोपजीवीने चरबी साठवणारी शेपटी काडीसारखी वाळते. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही, म्हणून नवी पाल किमान दोन ते तीन महिने वेगळी ठेवणे हाच खरा बंदोबस्त. प्रौढ पालीचे वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम भरते. तेव्हा सराफी काट्यावर दर आठवड्यास वजन घेऊन वहीत नोंदवणे, ही मालकाने करावयाची सर्वांत मोलाची तपासणी होय. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, यास्तव हात धुण्याची ताकीद प्रत्येक घरास दिली पाहिजे.

आपल्या प्रांतातला एक धोका मला विशेष अस्वस्थ करतो. हौशी मुले कपाशीच्या धुऱ्यावरून नाकतोडे पकडून पालीस चारतात. ज्या फवारणीने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कष्टकरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती फवारणी अंगावर बाळगणारा किडा इतक्या लहान जिवाचे काय करील, हे आपणास सांगावयास नको. चारा म्हणून द्यावयाचे किडे घरीच वाढवलेले असावेत, असा आपला निरपवाद आग्रह असला पाहिजे.

याच पालीची एक भगिनी आपल्या सातपुड्याच्या रानात राहते. २०१४ साली तिची स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नोंद झाली आणि सातपुड्याचेच नाव तिला मिळाले. तिला विषारी समजून ठेचले जाते, वास्तविक जगातील एकही पाल विषारी नाही. तिचे स्थान रानात आहे, कोणाच्या दिवाणखान्यात नव्हे. म्हणून दवाखान्यात आलेली पाल कोठून आणली याची चौकशी आपण करावी, आणि ती रानातून उचललेली असल्यास उपचार करून वनखात्यास कळवावे.

समारोपादाखल या अधिवेशनापुढे मी तीन सूचना ठेवतो. एक, सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांसाठी मराठीत छापील प्रश्नपत्रक तयार करून ते प्रत्येक दवाखान्यात ठेवावे, आणि त्यात पेटीचे तापमान, आर्द्रता, अंथरूण व आहार यांचे रकाने लक्षणांच्या आधी असावेत. दोन, दगावलेल्या प्रत्येक पालीचे शवविच्छेदन करून त्याचा दाखला एका सामाईक दफ्तरी जमा करावा, म्हणजे वऱ्हाडच्या हवेत कोणता रोग कोणत्या ऋतूत बळावतो याचे आपले स्वतःचे ज्ञान उभे राहील. तीन, ज्या रोगावर आपला इलाज चालत नाही तेथे मालकास ते स्पष्ट सांगून अनुभवी सहकाऱ्याकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये. पेटीत कोंडलेल्या प्राण्याला ऊन, सावली, पाणी व भक्ष्य यांपैकी काहीच स्वतः निवडता येत नाही. ती सारी निवड माणसाने आपल्याकडे घेतली आहे, आणि ती योग्य व्हावी म्हणून त्या माणसास शहाणे करणे हे आपल्या चिकित्सेचेच अंग आहे. या तिन्ही सूचनांवर आपण विचार करून ठराव करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.