कुपीतले औषध आणि बाळंतिणीचा जीव
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने कादंबरीवर किंवा संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज एका औषधाविषयी बोलणार आहे. वैद्यक हा माझा विषय नव्हे. जे सांगेन ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. तरीही हा विषय का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे.

माझ्या वडिलांची थोरली बहीण माझ्या जन्मापूर्वीच वारली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात, ऐन पावसाळ्यात, तिचे दुसरे बाळंतपण झाले. मूल सुखरूप होते, वारही पडली होती. पण अंगावरून जाणे थांबेना. नदीला पूर आलेला, बैलगाडी पलीकडे जाईना. पहाटेपर्यंत सारे संपले. आजी ही हकिकत सांगे आणि शेवटी म्हणे, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." लहानपणी मला ते पटत असे. आता पटत नाही.

वार सुटली की गर्भाशयाच्या आतल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळले गेले की त्या चिमटतात आणि रक्त थांबते. ते सैल राहिले, तर धडधाकट स्त्रीसुद्धा काही तासांत दगावते. या एका कारणाने जगात आजही दरवर्षी चाळीस हजारांहून अधिक माता जातात आणि त्यांतल्या बहुतेक गरीब देशांतल्या असतात.

गर्भाशय आवळून धरण्याचे काम शरीरातले ऑक्सिटोसिन हे द्रव्य करते. बाळ छातीशी धरताच आईला पान्हा फुटतो, तोही याच द्रव्यामुळे. मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून बाळ जन्मताच आईला त्याचे एक इंजेक्शन देणे, हा अतिरक्तस्राव टाळण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय ठरला आहे. दुभत्या म्हशींना चोरून टोचले जाते म्हणून आपल्याकडे ज्याची चर्चा होते, तेच हे औषध.

औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे, मात्र नाजूक आहे. नऊ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी. उष्णतेने ती हळूहळू तुटते आणि औषधाचे बळ कमी होते. म्हणून ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रीजमध्ये, ठेवावे लागते. एर्गोमेट्रिन नावाचे दुसरे औषध तर त्याहूनही हळवे. त्याला उष्णतेइतकाच उजेडही सोसत नाही. आता मे महिन्यातले एखादे आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. पत्र्याचे छत, दिवसातून चारदा जाणारी वीज, आणि खिडकीजवळच्या ट्रेमध्ये, हाताशी असाव्यात म्हणून मांडून ठेवलेल्या कुप्या.

यातली खरी भीती अशी, की बिघडलेले ऑक्सिटोसिन ओळखता येत नाही. आपल्या वाचनालयात पुस्तकाला वाळवी लागली तर पान सांगते, दमट धरली तर वास सांगतो. दूध नासले तर फुटते. ऑक्सिटोसिनची कुपी मात्र तशीच स्वच्छ, पाण्यासारखी दिसते. परिचारिका ती विश्वासाने भरते, टोचते आणि वाट पाहते. रक्त थांबत नाही. दोष कुणाचा? ती म्हणते, माझा हात कमी पडला. डॉक्टर म्हणतात, केस अवघड होती. घरचे म्हणतात, तिचं आयुष्यच तेवढं होतं. कुपीकडे कुणी बोट दाखवत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतून गोळा केलेल्या ऑक्सिटोसिनच्या नमुन्यांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. नापास नमुन्यांचे प्रमाण काही ठिकाणी निम्म्याहून अधिक निघाले. घानामध्ये विकत घेऊन तपासलेल्या कुप्यांत तर औषधाचे योग्य प्रमाण असलेल्या कुप्या अल्पसंख्य होत्या. कारणे दोन. काही माल कारखान्यातूनच कमी कसाचा निघतो, कारण सर्वांत स्वस्त निविदा मंजूर करणाऱ्या खरेदीदाराने कस पाहिलेलाच नसतो. काही माल वाटेत, बंदरात, गोदामात आणि शेवटच्या कपाटात मरतो. भरीला काही उत्पादकांच्या वेष्टनावर फ्रीजची गरज नसल्याचे छापलेले असते. मग भांडारपाल एकच नाव पाहून सगळ्याच खोक्यांना एका फळीवर बसवतो.

यावर दोन वाटांनी उत्तर शोधले गेले. पहिली वाट, ज्याला फ्रीज लागत नाही असे औषध शोधण्याची. या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच बेळगाव जिल्ह्यात पार पडला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास झाला. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात, आणि गोळी देणाऱ्या गावोगावच्या सहायक परिचारिका. सुई नाही, फ्रीज नाही. गेलेले रक्त अंदाजाने न सांगता खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजले गेले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. तो अहवाल प्रथम वाचला त्या रात्री मला आत्याची आठवण आली. तिच्या उशाशी अशी गोळी असती तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

पण या गोळीलाही शत्रू आहे: दमट हवा. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे वेष्टन नसेल, तर ओलावा आत शिरून गोळी निकामी होते. खानापूरच्या पावसात हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय जिथे चांगले ऑक्सिटोसिन मिळू शकते, तिथे तेच अधिक सरस. त्याच कुळातले, पण उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे तिसरे औषध. भारतासह दहा देशांतल्या सुमारे ३०,००० स्त्रियांवर त्याचा अभ्यास झाला, निष्कर्ष २०१८ साली आले आणि २०१९ साली तेही अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेले. ते ३० अंशांतही दीर्घकाळ टिकते. रक्तस्राव होऊ नये म्हणून त्याची शिफारस झाली, तीही किंमत परवडेल तिथे.

दुसरी वाट जुन्याच औषधाला नीट सांभाळण्याची. ती साधी वाटते, पण तिच्यात आपलेच नियम आडवे येतात. आरोग्य केंद्रात फ्रीज बहुधा असतो, तो लसींचा. लसींच्या फ्रीजमध्ये दुसरे काही ठेवायचे नाही, ही शिस्त चांगल्या हेतूने लावली गेली. परिणाम असा, की बाळाची लस थंडाव्यात आणि आईचे औषध बाहेर उकाड्यात. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी संयुक्त निवेदन काढून ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राखावे आणि त्यासाठी लसींच्या शीतसाखळीचाही उपयोग करता येईल, असे सांगितले. एका फ्रीजमधली एक फळी, एवढीच ही मागणी आहे.

मित्रहो, शंभर वर्षे ग्रंथ टिकले ते आपोआप टिकले नाहीत. कुणीतरी कपाटे पुसली, डांबराच्या गोळ्या बदलल्या, गळके कौल वेळेवर शाकारले. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. औषध सांभाळणारे हातही असेच अनाम असतात: खोक्यावरचे तापमान वाचणारा भांडारपाल, वीज गेली की फ्रीजचे दार उघडू न देणारी परिचारिका, स्वस्ताऐवजी पारखलेला माल मागवणारा अधिकारी. त्यांच्या कामाची विचारपूस करणारे कुणी असले, की त्या कामाला बळ येते.

आपण सभासद नागरिक आहोत. कधी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात गेलात, तर आदराने एवढेच विचारा: बाळंतिणीचे औषध कुठे ठेवता? फ्रीजचे तापमान रोज लिहिले जाते का? वीज गेल्यावर काय करता? हे प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

माझ्या आजीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. तिच्यापाशी दुसरे उत्तरच नव्हते. आपल्यापाशी ते आहे. म्हणून यापुढे एखादी बाळंतीण गेली, तर तिचे आयुष्य तेवढेच होते असे म्हणण्याआधी कुपी कुठे ठेवली होती, हे आपण विचारावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.