शेफील्डची जिवंत पिंपे



विषय कळवला तेव्हा आपल्या चिटणीसांनी दोनदा विचारले, "ताई, नक्की हाच?" दारूबंदीच्या राज्यात, बडोद्याच्या साहित्यसभेत, एका निवृत्त शिक्षिकेने विलायतेतल्या पबांविषयी बोलावे हे त्यांना खटकले असणार. मी स्वतः घेत नाही. तरी का बोलते, ते ओघात येईल.

माझी लेक शेफील्डला असते. पोलादाचे, सुऱ्याकात्र्यांचे शहर. गेल्या पिढीत कारखाने बंद पडत गेले आणि त्यांच्यामागोमाग मोठ्या ब्रुअऱ्याही. वॉर्ड्स आणि स्टोन्स या दोन जुन्या ब्रुअऱ्यांना 1999 या एकाच वर्षी कुलूप लागले. जावईबापू म्हणाले, "आई, किल्ला नाही, राजवाडा नाही. इथे पाहण्यासारखे म्हणजे पब." मी आढेवेढे घेतले आणि गेले.

आधी 'रिअल एल' म्हणजे काय ते सांगते. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची फुले, पाणी आणि यीस्ट. इतर बिअर गाळून, यीस्ट काढून, वायू भरून पाठवतात. ही एल मात्र यीस्टसकट पिंपात भरतात आणि ती पबच्या तळघरात आंबत राहते. घरी विरजण लावणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. एका मालकाने आम्हाला तळघर दाखवले. पिंप आडवे ठेवून वरच्या बुचात लाकडी खुंटी ठोकलेली असते, तिच्यातून वायू निघून जातो. गाळ बसेपर्यंत थांबायचे. (गाळ लवकर बसावा म्हणून बरेचजण माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. हे ऐकून माझ्या विहीणबाईंनी जावयाकडे असे पाहिले की तो आठवडाभर लिंबूसरबतावर होता!) तळघर 12 अंशांच्या आसपास ठेवतात, आणि वर काउंटरवर हातपंपाने ओढून पेला भरतात. पिंप एकदा लावले की तीन-चार दिवसांत संपवावे लागते, नाहीतर आंबट होते. म्हणजे रोज माणसे आली नाहीत तर ही एल विकणेच परवडत नाही. मला सगळ्यांत रस वाटला तो इथे. गर्दीवर जगणारे पेय आहे हे.

मोठ्या कंपन्यांना साहजिकच हा उपद्व्याप नको होता. त्याविरुद्ध 1971 मध्ये चार तरुणांनी चळवळ सुरू केली, ती 'कॅम्रा'. आणि 1981 मध्ये शेफील्डच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या डेव्ह विकेट यांनी केल्हम आयलंड या ओसाड कारखानवस्तीतला एक पब लिलावात घेतला आणि त्याचे नाव 'फॅट कॅट' ठेवले. तेव्हाचे बहुतेक पब कुठल्या ना कुठल्या ब्रुअरीच्या दावणीला बांधलेले, तिचाच माल विकणारे. यांनी मात्र दूरदूरच्या छोट्या ब्रुअऱ्यांची पिंपे आणली. 1990 मध्ये शेजारी स्वतःची ब्रुअरी काढली. तिच्या 'पेल रायडर'ला 2004 मध्ये देशातल्या सर्वोत्तम एलचा मान मिळाला. विकेट 2012 मध्ये गेले. 2022 मध्ये ती ब्रुअरी बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा गावातल्याच काही मंडळींनी पुढे होऊन नाव वाचवले. आता ती एल बेकवेलच्या थॉर्नब्रिजमध्ये बनते.

'फॅट कॅट'मध्ये गालिचा, जुने आरसे, म्हातारी मंडळी. तिथून थोड्याच अंतरावर जुन्या कारखान्यांच्या छपराखाली नव्या पद्धतीची ठिकाणे आहेत: उघड्या विटा, लांब बाके, भिंतीवर वीस नळ, पोरांना घेऊन आलेले आईबाप. मला जुनीच आवडली. वयाचा दोष म्हणा. रेल्वे स्टेशनातली 'शेफील्ड टॅप' मात्र अपवाद. वर्षानुवर्षे बंद पडलेले उपाहारगृह दुरुस्त करून 2009 मध्ये उघडलेले, आणि काय त्या फरशा! नीपसेंडचा 'गार्डनर्स रेस्ट' तर 2017 पासून लोकांनी भाग घेऊन सहकारी पद्धतीने चालवलेला. आपल्या वाचनालयाची वर्गणी मागत हिंडणाऱ्यांना यातले कष्ट कळतील.

आता मूळ मुद्दा. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माझे धाकटे काका दारूपायी गेले. राज्यात बंदी होती, घरात कडक शिस्त होती, आणि काका माडीवर दार लावून एकटे पीत. पुढची कैक वर्षे आम्ही "पोटाच्या विकाराने गेले" असेच सांगत आलो. लेकीलाही तेच सांगितले होते.

पब असते तर काका वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तिथेही संसार बुडालेले आहेत, आणि बंदीमुळे वाचलेली घरे मी याच शहरात पाहिली आहेत. पण एका संध्याकाळी एका पबात कोपऱ्यातला गृहस्थ चौथ्यांदा काउंटरशी आला. काउंटरवरची बाई हळूच म्हणाली, "आज पुरे," आणि त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. झिंगलेल्याला देणे तिकडे गुन्हा आहे, पण तिचा सूर कायद्याचा नव्हता. थोरल्या वहिनीचा होता. तो कुरकुरला, पाणी प्यायला, आणि शेजारच्याने त्याला बाकावर जागा करून दिली.

परत येताना ट्राममध्ये मी लेकीला काकांचे खरे सांगितले. ती दोन स्टॉप गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्यांचे नाव काय होते ग?" घरात ते नाव कोणी घेतच नसे, त्यामुळे तिला माहीतच नव्हते.