वाजवणाऱ्या हातांचं दुखणं



प्रत्येक तुकडीतल्या एकानं आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं आणि आमच्या तुकडीनं मला पुढं ढकललं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मघाशी चहाच्या रांगेत चौघांनी मला गुडघे दाखवले आणि दोघांनी कंबर. त्यांचं जेवणानंतर बघू. आत्ता मी अशा रुग्णांबद्दल बोलणार आहे, जे आपलं दुखणं शक्यतो कुणाला कळू देत नाहीत. ते म्हणजे वाद्य वाजवून पोट भरणारे कलाकार.

गोलंदाजाचा खांदा दुखावला तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. तबलजीचं मनगट दुखलं तर लोक म्हणतात, रियाज कमी पडला असेल. खरं तर दोघांचंही काम स्नायूंचंच आहे. गोलंदाज ठरावीक षटकं टाकतो. तबलजी तास-दीड तास तीच बोटं, तेच मनगट, मांडी न मोडता चालवतो. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि पाठ सतत थोडी वळलेली व वाकलेली. सतारियाची डाव्या हाताची बोटं मींड घेताना तार ओढतात, तेव्हा तो जोर कोपरापर्यंत पोचतो. व्हायोलिन हनुवटीखाली धरणाऱ्याची मान तासन्‌तास एका बाजूला कललेली असते.

अमेरिकेतल्या सिंफनी वाद्यवृंदांची एक मोठी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. २,२१२ वादकांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ७६ टक्के वादकांनी वादनावर परिणाम होईल इतका गंभीर असा निदान एक तरी वैद्यकीय त्रास असल्याचं सांगितलं. आणि ही नोकरीतली माणसं होती. आपल्याकडचा साथीदार कार्यक्रमागणिक बिदागी घेतो. त्याला आजारपणाची रजा नाही.

शरीरात नेमकं काय होतं, ते थोडक्यात सांगते. अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. ‘शिरा’ हा आपला बोलीतला शब्द. ते असतात स्नायूंचे दोर. तीच हालचाल हजारो वेळा झाली की तिथलं आवरण जाड होतं आणि अंगठा उचलताना कळ येते. मनगटाच्या मधल्या बोगद्यात असे नऊ दोर आणि एक मज्जातंतू दाटीवाटीनं असतात. तिथं दाब वाढला की रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी भरतं आणि माणूस हात झटकत उठून बसतो. कोपर बराच वेळ दुमडून ठेवलं तर करंगळी बधिर होते. यांतलं एकही दुखणं एका दिवसात येत नाही. बहुतेकदा ते वाजवण्याचा वेळ एकदम वाढल्यावर येतं: परीक्षेच्या आधी, स्पर्धेच्या आधी, गणेशोत्सवाच्या तोंडावर. वर्षभर दप्तरापलीकडे काही न उचललेली मुलं पावसाळ्यात ढोल कमरेला बांधतात, आणि ऑगस्टमध्ये माझ्याकडं त्यांची रांग लागते.

दुखण्याचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात काहीच दुखत नाही. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेतले फार मोठे पियानोवादक. १९६४च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पियानोवर आपोआप आत वळू लागली. हाताला जखम नव्हती. बिघाड होता मेंदू आणि बोटं यांच्यातल्या निरोपांत. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला तो होतो, असं मानलं जातं. फ्लायशर यांनी पुढची तीस वर्षं एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं, वाद्यवृंद चालवले, शिष्य घडवले. नव्वदीच्या दशकात बोट्युलिनम इंजेक्शनं आणि स्नायू मोकळे करणारे उपचार यांमुळं बोटं पुन्हा उलगडली आणि २००४ साली त्यांचं दोन्ही हातांचं ध्वनिमुद्रण निघालं. त्याचं नावच ‘टू हँड्स’.

आता आपल्या पुण्याशी जोडलेली गोष्ट. येहुदी मेन्युहिन हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १९५२ साली भारतात आले, तेव्हा अंगदुखीनं आणि थकव्यानं बेजार होते. मुंबईत त्यांची भेट पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी झाली. अय्यंगारांनी त्यांना आधी शवासनात निजवलं आणि मेन्युहिनना चक्क झोप लागली. पुढं १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि एक घड्याळ भेट दिलं. आपले सर्वांत चांगले व्हायोलिनचे शिक्षक, असा मजकूर त्यावर कोरला होता. ज्या माणसानं त्यांना व्हायोलिनचा एक सूरही शिकवला नव्हता, त्याला! शरीर हेच पहिलं वाद्य, हे मेन्युहिनना कळलं होतं.

आपल्याकडं हे कळायला अडचण कुठं येते? माझ्याकडं एक साथीदार येतात, साठीला टेकलेले. येतात ते रात्री साडेआठनंतर, दवाखाना रिकामा झाल्यावर. मनगटाला दिलेला पट्टा सभागृहाच्या दारात काढून खिशात घालतात. मी विचारलं, तर म्हणाले, “बाई, पट्टा दिसला की पुढच्या कार्यक्रमाचा फोन दुसऱ्याला जातो.” यावर माझ्याकडं औषध नाही. ते त्यांना बोलावणाऱ्यांकडं आहे आणि त्यांतले काही या सभागृहात बसले आहेत. साथीदार महिनाभर नाही म्हणाला, तर त्याला यादीतून काढू नका. महिन्यानं पुन्हा फोन करा.

दुसरी अडचण आपल्या मनातली. चाळीस दिवसांचा चिल्ला, रक्ताळलेली बोटं, पहाटेचा रियाज, अशा गोष्टी आपण मुलांना कौतुकानं सांगतो. त्यातल्या निष्ठेला माझा नमस्कार आहे. पण दुखण्यादुखण्यात फरक असतो. सतारीच्या तारेनं बोटाचं कातडं हुळहुळतं, मग घट्टा पडतो आणि ते थांबतं; ते शिकण्याचं दुखणं. मुंग्या येणं, रात्री झोपमोड होणं, पकड ढिली पडून हातातला कप निसटणं, सकाळी बोट अडकणं, हे शिकण्याचं दुखणं नाही. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही ते राहिलं, तर दाखवायला हवं. लवकर आलेला रुग्ण बहुधा विश्रांती, बैठकीतला बदल आणि व्यायाम यांवर बरा होतो. वर्षानं आलेल्याला मी तसं सहज सांगू शकत नाही.

बाकी उपाय साधे आहेत. मांडी घालून बसणाऱ्याच्या बैठकीखाली घडी केलेली चादर ठेवली की कंबर सरळ राहते. डग्गा-तबला मुलाच्या उंचीला बेतून ठेवावा, मुलाला त्याच्या उंचीला ताणू नये. पंचवीस मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात सोडावा. रोजचा वेळ वाढवायचा तो हळूहळू, आठवड्याआठवड्यानं. आपलं गाणं विलंबितानं सुरू होतं, मग हाताला पहिल्याच मिनिटाला द्रुतात का ढकलायचं?

आपल्या शाळेत अजून संगीताचा तास आहे, लेझीम पथक आहे, आता ढोलपथकही झालंय. संघाच्या निधीतून संगीताच्या वर्गाला नवी वाद्यं द्यायचा ठराव आज मांडला जाणार आहे. त्याला माझा पाठिंबा आहे. फक्त त्यात दोन गोष्टी जोडा: बसायला जाड गाद्या आणि वर्षातून एक दिवस मुलांचे हात, खांदे, पाठ यांची तपासणी. तपासणीला मी येईन, फी नाही. आणि शिक्षकांना एक विनंती. एखादा मुलगा “सर, हात दुखतोय” म्हणाला, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी एवढंच विचारा: कुठं, आणि कधीपासून?

गुडघेवाल्यांनी आता जेवणाच्या रांगेत माझ्या मागं उभं राहायला हरकत नाही.