धावणाऱ्या कुत्र्याचे घरातले आयुष्य



या व्यासपीठावरून मी पूर्वी बोललो तो किमान वेतनावर आणि बोनसवर. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे कुत्र्याचा विषय पाहून कित्येकांनी मला वाटेत अडवून विचारले, ''काय भाऊ, कामगारांचे प्रश्न सुटले वाटते?'' ते सुटलेले नाहीत. परंतु गेल्या पाच वर्षांत एका कुत्रीने मला माझ्याच धंद्यातला एक धडा नव्याने शिकविला, तो तुम्हांला सांगावा म्हणून मी उभा आहे. मी पशुवैद्य नव्हे. डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून आणि चुका करून जे कळले तेवढेच सांगतो.

सोलापूरचे आमचे एक जुने सहकारी आहेत. युनियनच्या बैठकीसाठी मी तिकडे गेलो असता त्यांनी दोन महिन्यांचे एक पिल्लू माझ्या हाती ठेवले. लांब तोंड, काठीसारखे पाय, खोल छाती आणि पाठीला टेकलेले पोट. आम्ही तिचे नाव हरणी ठेवले. ही जात कारवानी. सोलापूर-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यात, जतकडे, आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटात ती शेतकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या दारी पिढ्यान् पिढ्या आहे. घोरपड्यांचे मुधोळ संस्थान १९४८ साली विलीन झाले, परंतु त्याचे नाव या कुत्र्याला कायमचे चिकटले; मुधोळ हाउंड म्हणतात तो हाच. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २०१६ साली लष्कराने त्याची पिल्ले मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी नेली. विलायतेतला ग्रेहाउंड हा याच कुळीचा म्हणावा: वासाने नव्हे, तर नजरेने सावज हेरायचे आणि पायांनी ते गाठायचे. नागपुरातही आता हौशी लोकांकडे ग्रेहाउंड आणि कारवानी दिसू लागले आहेत. म्हणून आज दोघांविषयी एकत्रच बोलतो.

पहिला गैरसमज असा, की एवढे धावणारे जनावर घरात सारखे थैमान घालील. वस्तुस्थिती उलट आहे. ग्रेहाउंड काही क्षणांत ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, परंतु तो थोड्या अंतराचा गडी आहे. धावून झाले की तो झोपतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोपतोच. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरणे आणि अधूनमधून भिंतीच्या आत मोकळे धावणे, एवढे मिळाले की तो शांत असतो. हे मिळाले नाही, तर तो चपला फाडतो, दार ओरबाडतो. आणि मालक म्हणतो, कुत्रे बिघडले. कारखान्यातही तोडफोड झाली की आम्ही आधी हे विचारतो, की पाळी किती तासांची होती आणि विश्रांती मिळाली होती की नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या अंगाची. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, कातडी कागदासारखी पातळ आणि केस आखूड. आमच्या घरी फरशी आहे. पहिल्या वर्षी हरणी फरशीवर झोपे आणि आम्ही कौतुकाने म्हणत असू, ''बिचारीचे काही मागणे नाही.'' पुढे तिच्या दोन्ही कोपरांवर घट्टे पडले, एकातून पाणी येऊ लागले, तेव्हा डोळे उघडले. तिला जाड गोधडी घातली आणि महिनाभराने जखम भरली. पातळ कातडीमुळेच तारेचे कुंपण किंवा बाभळीचा काटा यांनी इतर कुत्र्याला ओरखडा येतो, तेथे याला टाके पडतात. पावलांच्या गाद्यांवर माणसासारखी कुरुपे होतात. ग्रेहाउंडमध्ये तर ती विशेषच. मऊ मातीवर नीट चालणारे कुत्रे डांबरी सडकेवर लंगडू लागले, तर ते आळशी झाले असे न म्हणता त्याचे पाऊल उलटून पाहावे. दातांवर कीटण लवकर चढते, म्हणून आठवड्यातून काही वेळा तरी दात घासावेत. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये. आणि मोठ्या वयाच्या ग्रेहाउंडचे लंगडणे बरे होत नसेल, तर मुरगळले असेल म्हणून तेल चोळीत बसू नये. या जातीत हाडाचा कर्करोग बराच आढळतो. क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.

आता आपल्या गावाचा उन्हाळा. मेमध्ये पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि नवतपा तर विचारूच नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववितो. म्हणून फिरणे पहाटे आणि रात्री. सडकेवर आपल्या हाताचा मागचा भाग टेकवून पाहावा. तो पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या सडकेवर कुत्र्याला चालवू नये. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली, तोल जाऊ लागला, तर ऊन लागले असे समजावे. लगेच सावलीत आणून साध्या नळाच्या पाण्याने अंग भिजवावे, पंखा किंवा कूलर लावावा, आणि मग दवाखाना गाठावा. आधी निववायचे, मग न्यायचे, हा क्रम चुकवू नये. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा याच कुत्र्याला अंगावर झूल लागते. आमच्या घरच्यांनी जुन्या स्वेटरची शिवली आहे.

खाण्याविषयी थोडे. गावाकडे हे कुत्रे भाकरी-दुधावर वाढते, परंतु स्नायूंच्या जनावराला अंडी, मटण, मासळी यांपैकी काही लागतेच. शेवटच्या दोन-तीन फासळ्या अंधुक दिसाव्यात, हे याच्या प्रकृतीचे लक्षण आहे; शेजारी 'उपाशी ठेवता काय' म्हणाले, तरी त्याला लठ्ठ करू नये. आपल्या सावजी रश्श्याचा उरलेला वाडगा मात्र त्याच्यापुढे ठेवू नये. तिखटाचे सोडा, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवितो. द्राक्षे, मनुका, चॉकलेट हीही विषच. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर धावणे बंद. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडू शकतो. पोट ढोलासारखे झाले, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, जनावर अस्वस्थ फिरते आहे, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तासांवर जीव असतो.

पावसाळ्यात गोचिडांचा त्रास. त्यांच्यामुळे येणारा ताप आपल्याकडे फार. कान, बोटांच्या फटी आणि बगला रोज तपासाव्यात. येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. परंतु ग्रेहाउंडच्या त्या मुळातच कमी असतात, तांबड्या पेशी मुळातच जास्त, आणि थायरॉईडचा आकडा मुळातच उतरलेला. इतर कुत्र्यांच्या तक्त्यावर मोजले, तर धडधाकट ग्रेहाउंड आजारी ठरतो. म्हणून जनावर ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा आणि आजारपणात डॉक्टरांपुढे मांडावा. भुलीचेही तसेच. थायोपेंटॉनसारख्या जुन्या औषधांची भूल ग्रेहाउंडवरून लवकर उतरत नाही, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी जात कोणती हे स्पष्ट सांगावे. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि रेबीजची लस दरवर्षी, चुकता कामा नये. घरच्या किंवा रस्त्यावरच्या, कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता स्वभाव. हरणी दोन वर्षांची असताना व्हरायटी चौकात तिला एक मांजर दिसले. तिच्या गळ्यात साधा पट्टा होता. या जातीचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे ती मागे सरकली आणि पट्टा माझ्या हातात राहिला. पुढचा दीड तास मी बर्डीवर कसा काढला ते सांगवत नाही. मोटारी, ऑटो, बस आणि मधून ही. शेवटी ती टेकडी गणपतीच्या पायथ्याशी सापडली, पाय थरथरत होते, आणि माझेही. तेव्हापासून रुंद मार्टिंगेल पट्टा वापरतो. ओढले की तो बेतापुरता आवळतो, गळा मात्र कोंडत नाही. मोकळ्या रस्त्यावर हे कुत्रे कधीही सोडू नये. सावज दिसले की त्याला हाक ऐकू येत नाही. तो हट्टीपणा नव्हे. त्यासाठीच माणसाने त्याला पिढ्यान् पिढ्या निवडले आहे. सशामागे सोडण्याची हौसही कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा आहे.

दुसरा प्रसंग याहून अवघड. माझा नातू पाच वर्षांचा. हरणी गाढ झोपली असता तो तिच्या अंगावर जाऊन पडला. ती दचकली, गुरगुरली आणि तिचा दात त्याच्या मनगटाला लागला. वर सांगितलेले सारे उपचार केले. पोर दोन दिवसांत खेळू लागले. परंतु घरात एकच ठराव पुढे आला, की कुत्री परत पाठवा. सुनेचा राग मी चूक म्हणणार नाही. मी एवढेच म्हणालो, की चौकशीशिवाय बडतर्फी मी कधी मान्य केलेली नाही, ती आपल्याच घरात कशी करू? मग सारे बसलो. ती झोपे कोठे? दाराच्या वाटेवर, जेथे येणारा-जाणारा तिला ओलांडून जाई. अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपण्याची या कुत्र्यांची सवय आहे. पोराला वाटले, ती जागी आहे. म्हणजे दोष व्यवस्थेचा होता. तिची गोधडी कोपऱ्यात हलविली. नियम केला, की निजलेल्या हरणीला हात लावायचा नाही, आधी लांबून नाव घ्यायचे. आणि लहान मूल व कुत्रे यांना मोठ्या माणसावाचून एकत्र सोडायचे नाही. तीन वर्षे झाली, पुन्हा असे घडले नाही.

मंडळी, ज्या धड्याचा मी आरंभी उल्लेख केला तो आता सांगतो. ही कुत्री दुखणे सांगत नाहीत. कोपर चिघळेपर्यंत हरणी कण्हली नाही. मी हिंगण्याच्या, बुटीबोरीच्या कारखान्यांतून कंत्राटी कामगार पाहिले आहेत, कंबर धरलेली असताना पाळी भरणारे. कारण सांगितले तर उद्या गेटवर अडवतील ही भीती. मालक म्हणतो, 'तक्रार नाही, म्हणजे सारे ठीक.' आणि माझ्या घरात मीच म्हणत होतो, 'बिचारीचे काही मागणे नाही!' तीस वर्षे जे वाक्य ऐकून माझे डोके फिरे, तेच माझ्या तोंडी आले होते. याची मला लाज वाटली, आणि ती वाटली हे बरे झाले.

जगात या जातीच्या वाट्याला काय आले तेही पाहा. विजेच्या सशामागे कुत्री पळवून पैज लावण्याचा धंदा अमेरिकेत १९१९ साली उभा राहिला आणि १९२६ साली मँचेस्टरला पोचला. त्यात पाय मोडला की कुत्र्याची किंमत संपे. २०१८ साली मकाव येथील शर्यतीचे मैदान बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे राहिले. प्राणिमित्रांनी त्यांना घरे शोधून दिली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी शर्यती बंद करण्याचा कौल दिला. आज परदेशी अनेक घरांतून हे निवृत्त कामगार गादीवर झोपतात, याचा मला आनंद वाटतो.

आपल्याकडेही कायदा आहे. प्राण्यांना निर्दयपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा म्हणतो, की सदोदित बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या स्वस्तात गुन्हा परवडतो, म्हणून तो सर्रास चालतो. दंड वाढायला हवाच. परंतु कायदा वाढेपर्यंत साखळी आपल्याच हातात आहे.

ज्यांच्या घरी असे कुत्रे आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्याला आधी नावाने हाक मारावी, तो जागा झाल्यावर त्याची दोन्ही कोपरे आणि चारी पावले हाताने तपासावीत. ज्यांना ते आणायचे आहे त्यांनी आधी घरात गोधडीपुरता एक निवांत कोपरा आहे का ते पाहावे आणि मगच सोलापूरची गाडी धरावी.