हवा, इंधन आणि अश्वशक्ती

डिझेल एंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे अधिक इंधन ओतायचे, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः इंधन जळते ते हवेच्या आधाराने. हवा अपुरी पडली, की अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते.

एंजिनास अधिक हवा पुरविण्याच्या युक्तीचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली घेतले. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून एंजिनात भरायची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व होय. अमेरिकेत डॉजच्या 1989 च्या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचे 5.9 लिटरचे, 160 अश्वशक्तीचे टर्बो डिझेल एंजिन आले. एवढ्या शक्तीवर हौशी मालकांचे समाधान होईना.

मोठा टर्बोचार्जर बसविला, की हवा वाढते. परंतु जड चक्रास वेग घेण्यास विलंब लागतो. लहान चक्र तत्काळ फिरते, पण पुढे अपुरे पडते. म्हणून कोणी लहानमोठे दोन टर्बोचार्जर जोडतात. हवेच्या मानाने इंधन फाजील सोडले, तर उष्णता चढून ॲल्युमिनियमचे दट्टे वितळू शकतात. वाढलेला जोर क्लच आणि गिअरपेटीसही सोसावा लागतो.

याहून मोठी किंमत इतरांना मोजावी लागते. धूर शुद्ध करणारी यंत्रणाच पुष्कळजण काढून टाकतात. मागील दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमध्ये असे घडले, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2020 मध्ये वर्तविला. तेथील कायद्याने यास मनाई आहे. एंजिनास हवा हवी, तशी ती रस्त्याकडेच्या माणसासही हवी, हे विसरून चालणार नाही.